1962 ची जीएम बस, आमचं फिरतं घर. तिचा आधीचा इतिहास कसा शोधायचा?

पारिजात_ओहायो

नमस्कार मंडळी. विषय जरा वेगळा आहे पण इथे गाड्यांमधले जाणकार बरेच आहेत म्हणून विचारतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आईबाबांच्या घरामागच्या शेडमध्ये आमची एक जुनी बस उभी आहे. जीएमची (जनरल मोटर्सची) पीडी-4106, कागदावर साल 1962. पस्तीस फूट लांब, अंगभर ॲल्युमिनियम, बाजूला पन्हळी पत्रा, खिडक्या पुढे झुकलेल्या, मागे आडवं बसवलेलं डेट्रॉईट डिझेलचं 8व्ही71 इंजिन. आधी ती प्रवासी बस होती, मग एका अमेरिकन जोडप्याने सगळ्या सीटा काढून तिचं घर केलं, आणि 1984 साली त्या आजीआजोबांकडून बाबांनी ती घेतली. मी तेव्हा सहा वर्षांची, दादा दहाचा. बाबांना इथे येऊन दहाबारा वर्षं झालेली, घराचे हप्ते चालू, आणि हा माणूस एका शनिवारी बस घेऊन दारात. आई दोन दिवस बोलली नाही असं ती स्वतःच सांगते. तिसऱ्या दिवशी तिने आत जाऊन ओटा मोजला, मसाल्याचा डबा कुठे बसेल ते बघितलं, आणि बसचं नाव ठेवलं चांदणी. माहेरच्या गोठ्यातल्या गाईचं नाव.

त्यानंतर तेवीस उन्हाळे आम्ही तिच्यात काढले. क्लीव्हलंडपासून यलोस्टोन म्हणजे एका बाजूने जवळजवळ 1,800 मैल, तिथे तीनदा गेलो. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनांना दोनदा गेलो, तेव्हा आत चार कुटुंबांची पोरं आणि ढोल. आई पुढे टपाला लावलेल्या आरशात बघून भाजी चिरायची, बाबा ओरडायचे की आता वळण आहे, सुरी ठेव.

एक गोष्ट मला कायम आठवते ती सकाळची. बसला एअर सस्पेन्शन आहे, रात्रभरात हवा थोडी थोडी गळायची आणि सकाळी चांदणी डाव्या अंगावर कललेली असायची, मी झोपेत त्या बाजूला घरंगळलेली. बाबा इंजिन सुरू करायचे आणि पहिल्यांदा बझर वाजायला लागायचा, हवेचा काटा शून्याजवळून हळूहळू वर, आम्ही दोघं काट्याकडे बघत मोठ्याने आकडे म्हणायचो, साधारण 65 ला बझर थांबायचा आणि मग थोड्या वेळाने फुस्स करून आख्खी बस उठून उभी राहायची. आधी एक बाजू मग दुसरी, बसलेली गाय उठते ना तशीच. आई म्हणायची, उठली गं चांदणी, डबे लावा. म्हणजे सगळे डबे पट्ट्यात अडकवायचे, निघायची वेळ झाली.

दुसरी गोष्ट आजोबांची. आमचं गाव साताऱ्याकडचं, पण आजोबांची नोकरी एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये, बॉडीच्या कामावर. 1989 ला ते इथे आले होते आणि त्याच उन्हाळ्यात एका कॅम्पग्राउंडवर रिव्हर्स घेताना मागचा उजवा कोपरा खांबाला लागून पत्रा फाटला. बाबा म्हणाले पॉप रिव्हेट मारून टाकू. आजोबा म्हणाले ते भांड्याला मारायचे, गाडीला नाही. त्यांनी पत्रा कापून ठिगळ तयार केलं, भोकं पाडली, आणि मला, मी तेव्हा अकराची, मागच्या कपाटात कोंबलं, कारण तिथे दुसरं कोणी मावतच नव्हतं. हातात लोखंडाचा एक जड ठोकळा, त्याला ते डॉली म्हणायचे. बाहेरून ते रिपिट (रिव्हेट) घालणार आणि हातोड्याने ठोकणार, आतून मी ठोकळा घट्ट दाबून धरायचा. "डॉली हलली की रिपिट वाकडा." प्रत्येक ठोक्याला कोपरापर्यंत झिणझिण्या. चौदा रिपिटा मारल्या, तेरावी वाकडी गेली कारण मला शिंक आली, ती त्यांनी काढून परत मारली. ते ठिगळ आजही तसंच आहे, एक थेंब पाणी आत येत नाही. आजोबा 1996 ला गेले.

आता मुद्द्यावर येते. बाबा आता 79 वर्षांचे आहेत, नजर कमी झालीय, गाडी चालवत नाहीत. चांदणी सहा वर्षं सुरूच केलेली नाही. विकायची नाही हे ठरलंय, त्यावर घरात चर्चा बंद. पण तिला परत रस्त्यावर आणायचंय आणि त्यासाठी तीन प्रश्न आहेत.

पहिला, 1962 पासून घर होईपर्यंत ती कुठे पळत होती? बाबा कायम सांगत आलेत की ही ग्रेहाउंडची, म्हणजे इथल्या त्या मोठ्या बस कंपनीची. त्या काळचा कागद काहीच नाही. कसं शोधायचं?

दुसरा, रंग. वर बाबांनी 1986 ला मारलेले तपकिरी-नारिंगी पट्टे आहेत, त्याखाली त्या आजीआजोबांचा फिरोजी, त्याच्याखाली काय ते माहीत नाही. दादाचं म्हणणं सगळं खरवडून नुसतं ॲल्युमिनियम चकचकीत करू, कंपनीतून आली तशी. मला ते पटत नाहीये पण नीट कारण देता येत नाही.

तिसरा, सहा वर्षं बंद असलेलं इंजिन सुरू कसं करायचं?

दोन_स्ट्रोक

ताई आधी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण त्यात जीवाचा धोका आहे. मी मिशिगनमध्ये अठरा वर्षं याच इंजिनांवर काम केलंय. कोणीही उत्साहात बॅटरी जोडून स्टार्टर मारू नका, आणि हवा उतरलेल्या बसखाली कोणीही जाऊ नका, दादांना हे आजच फोन करून सांगा. एअर सस्पेन्शनची बस कधीही खाली बसू शकते, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली गेलेली माणसं दगावलीत. जाड लाकडी ओंडके किंवा स्टँड योग्य जागी लावल्याशिवाय खाली डोकंसुद्धा घालायचं नाही.

आता इंजिन. 8व्ही71 म्हणजे आठ सिलिंडर आणि प्रत्येकी 71 घन इंच, एकूण 568, आपल्या भाषेत सव्वानऊ लिटर. हे टू-स्ट्रोक डिझेल आहे. प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक सिलिंडर फायर होतो म्हणून आवाज असा येतो की दुप्पट वेगाने फिरतंय, लहानपणी ऐकलेला तो किंचाळणारा आवाज तोच. हवा स्वतः ओढत नाही, ब्लोअर आत ढकलतो. उभं राहून राहून याच्या इंजेक्टरच्या रॅक (किती डिझेल आत जाणार ते ठरवणाऱ्या दांड्या) अडकतात, आणि त्या जर इंधन-चालू बाजूला अडकल्या असतील तर सुरू झाल्यावर इंजिन स्वतःच्या मनाने वेग घेतं, किल्लीने बंद होत नाही आणि फुटेपर्यंत पळतं. म्हणून व्हॉल्व्ह कव्हर काढून रॅक हाताने मोकळ्या हलतात का बघायचं. ब्लोअरच्या तोंडावर आणीबाणीचा फ्लॅप असतो, तो पूर्ण मिटतो का बघायचं. आणि तरीही पहिल्यांदा सुरू करताना एक माणूस हवेच्या तोंडापाशी जाड फळी घेऊन उभा. हवा बंद तर इंजिन बंद.

जुनं डिझेल सगळं काढा, टाकी मोठी असते त्यामुळे तळाशी शेवाळ्यासारखं साचलेलं असेल, दोन्ही फिल्टर नवे, आणि पहिल्या पन्नास मैलांनंतर परत नवे. ऑइल फक्त सिंगल ग्रेड 40, या इंजिनांसाठीचं सीएफ-2 दर्जाचं. मल्टीग्रेड घालू नका, कोणी कितीही चांगलं म्हणून सांगितलं तरी. टायरची नक्षी बघून फसू नका, बाजूला चार आकडी तारीख असते, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, दहा वर्षांच्या पुढचे असतील तर सगळे बदला, पुढचे तर आधी. ब्रेकचे डायफ्रॅम आणि रबरी होजही तसेच, हे सगळे वयाने मरतात, वापराने नाही.

इतिहासाबद्दल. पीडी-4106 चा अर्थ असा: पी म्हणजे पार्लर, बसवाले लांब पल्ल्याच्या बसला पार्लर कोच म्हणतात, डी म्हणजे डिझेल, 41 म्हणजे सीटा, 06 म्हणजे त्या मालिकेतला क्रमांक. 1961 ते 1965 या काळात मिशिगनमधल्या पॉन्टियॅकला एकूण 3,226 बनल्या. आत डेटा प्लेट असेल, ड्रायव्हरच्या आसपास कुठेतरी रिव्हेटने मारलेली पत्र्याची पट्टी, तिच्यावर मॉडेल आणि पुढे सिरियल नंबर. तो मिळाला की अर्धं काम झालं, कारण जीएमच्या बस कोणत्या नंबरपासून कोणत्या नंबरपर्यंत कोणत्या कंपनीला गेल्या त्याच्या याद्या हौशी लोकांनी वर्षानुवर्षं जपून ठेवल्यात.

घाटरस्ता

पोरी, तुझ्या आजोबांचं वाचून बसलो तसाच राहिलो. मी एसटीत एकतीस वर्षं काढली, शेवटची अकरा वर्कशॉपला. दापोडीच्या जुन्या लोकांची कामं हातात आली की न सांगता कळायचं कोणाच्या हाताखाली झालंय, रिपिटेची ओळ दोरी लावल्यासारखी आणि डोकी सगळी एका मापाची.

पॉप रिव्हेट आणि भरीव रिपिट यात फरक का, ते सांगतो कारण तुझ्या रंगाच्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. आमच्या बसला खाली चेसिस, तो भार घेतो, वर बॉडी बसते. तुझ्या बसला तशी खाली वेगळी चेसिस नाही. पत्रा, आतल्या कमानी आणि रिपिटा मिळूनच सांगाडा, पत्रासुद्धा भार ओढतो. म्हणून ठिगळ भरीव रिपिटेनेच पाहिजे, पोकळ रिपिट हादऱ्याने ढिली पडते, मग भोक मोठं होतं, मग पत्रा फाटत जातो. आजोबांनी बस बघितल्याबरोबर हे ओळखलं असणार. आणि हेच कारण की कोणी खिडकी मोठी करू, इथून कापून दार काढू असं म्हणाला तर त्याला गेटाबाहेर घालवायचं.

आता एक काम कर. जिथे जिथे ॲल्युमिनियम लोखंडाला टेकलंय तिथे बॅटरी घेऊन बघ, दमट शेडमध्ये पांढरी भुकटी सुटते, त्या जागी ॲल्युमिनियम खाल्लं गेलेलं असतं. ओहायोत रस्त्यावर मीठ टाकतात म्हणे, हिवाळ्यात चालवली असेल तर चाकांच्या मागचं आणि सामानाच्या कप्प्यांच्या तळाचं जास्त बघ. रिपिटेच्या डोक्याभोवती काळी वर्तुळं दिसली तर ती रिपिट हलतेय असं समज.

आपल्याकडे 1 जून 1948 ला पहिली एसटी नगरहून पुण्याला सुटली ती बेडफर्ड, लाकडी बॉडीची. त्यानंतर चौदा वर्षांत तिकडे ही असली गाडी रस्त्यावर होती, आणि तिच्यावर दापोडीच्या माणसाने ठिगळ मारलं, हे मी इथल्या आमच्या जुन्या मंडळींना वाचून दाखवलं. ठिगळाचा फोटो टाक.

पानगळ

कागदांच्या बाजूने मी सांगते, मी टोरांटोत अभिलेखागारात काम करते त्यामुळे हेच रोजचं.

बसचा इतिहास दोन तुकड्यांत शोधा. प्रवासी बस असतानाचा आणि घर झाल्यानंतरचा. पहिल्यासाठी सिरियल नंबर घेऊन मोटर बस सोसायटीला लिहा. ही 1948 पासूनची संस्था, मोटर कोच एज नावाचं नियतकालिक काढत आली आहे, बस कंपन्यांच्या ताफ्यांचा इतिहास हाच त्यांचा विषय. पेनसिल्वेनियात हर्शीला बसचं संग्रहालय आहे, तुम्हाला क्लीव्हलंडहून एका दिवसात गाडीने जाता येईल. कंपनी ग्रेहाउंड निघाली तर मिनेसोटात हिबिंगला त्यांचं संग्रहालय आहे, ती कंपनी त्याच गावात 1914 मध्ये सुरू झाली.

दुसऱ्या तुकड्यासाठी मला विचारायचंय, बसच्या मागे किंवा पुढे अंड्यासारखी लंबगोल पाटी आहे का, वर नंबर असलेली? असेल तर ती फॅमिली मोटर कोच असोसिएशनची. या संस्थेची सुरुवात मला फार आवडते. 20 जुलै 1963 ला मेन राज्यात खग्रास सूर्यग्रहण दिसणार होतं, ते बघायला हिंकलीच्या शाळेच्या आवारात आपापली फिरती घरं घेऊन 26 कुटुंबं जमली आणि तिथेच संस्था काढायचं ठरलं. त्या काळात कारखान्यात बनलेली मोटरहोम अगदी थोडी, त्यामुळे जुन्या बसचं स्वतः घर केलेली मंडळी त्यात बरीच. पाटीवरचा नंबर सभासदाचा असतो, संस्थेचं ऑफिस सिनसिनाटीत आहे, म्हणजे तुमच्याच राज्यात. त्या आजीआजोबांनी बस कधी घेतली, कुठून घेतली ते त्यांच्या जुन्या अंकांमध्ये सापडू शकतं कारण सभासद आपापल्या बसच्या गोष्टी त्यात लिहायचे.

आणि बाबांना आत्ताच बोलतं करा. फोनवर रेकॉर्ड करा. बस विकणाऱ्या जोडप्याने बाबांना त्या दिवशी काय काय सांगितलं, किल्ली देताना, इंजिन दाखवताना. कागद नंतरही मिळतील.

टपावरचा

मी दादाच्या बाजूने. अशी बस चकचकीत केलेली मी एका मेळाव्यात बघितलीय, लांबून आरसा येतोय असं वाटतं, लोक थांबून थांबून बघत होते. तपकिरी-नारिंगी पट्टे हे त्या काळातलं खूळ होतं, मूळ गाडी जशी होती तशी दाखवण्यातच तिचा मान आहे. आठवणी मनात राहतातच की.

दोन_स्ट्रोक

टपावरचा, तुमचं म्हणणं समजतं पण कंपनीतून ती आरशासारखी आलेलीच नव्हती. बाजूच्या पन्हळी पत्र्यावर ॲनोडाइज केलेला थर असतो, फिकट, मंद चमकेचा. चकचकीत करायचं म्हणजे आधी तो थर कॉस्टिकने खाऊन काढावा लागतो, आणि एकदा तो गेला की ॲल्युमिनियम उघडं पडतं, मग दर मोसमात पॉलिश करत बसा नाहीतर डाग पडणार. म्हणजे जे साठ वर्षं टिकलंय ते घालवून वरून आयुष्यभराचं काम ओढवून घ्यायचं.

आणि ताई, 1962 चा रंग आहे, त्यात शिसं असण्याची शक्यता धरूनच चाला. कोरडं घासू नका, घरात लहान मुलं असतील तर अजिबातच नाही. ॲल्युमिनियमला चालणारं जेलसारखं स्ट्रिपर घ्या आणि सामानाच्या एकाच दाराच्या कोपऱ्यात, सहज दिसणार नाही अशा जागी, तीनतीन इंचाचे चौकोन सोडत एकेक थर उतरवून बघा. दाराच्या आतल्या कडेलाही बघा, तिथे सहसा कोणी नंतर रंग मारत नाही.

पारिजात_ओहायो

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. या शनिवार-रविवारी मी, दादा (तो टेक्सासहून आलाय) आणि बाबा, तिघं शेडमध्ये होतो. बसखाली कोणी गेलं नाही, आधी ओंडके लावले.

डेटा प्लेट सापडली! ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, आईने 1990 च्या सुमाराला चिकटवलेल्या गणपतीच्या टाइलच्या बरोबर मागे. टाइल न फोडता काढायला दीड तास लागला. सिरियल नंबर स्पष्ट वाचता येतोय.

लंबगोल पाटीही आहे. मागच्या इंजिनाच्या दारावर, आम्ही ती लहानपणापासून बघतोय आणि आम्हाला वाटायचं बस कंपनीचीच असेल. नंबर चार आकडी आहे. सिनसिनाटीला पत्र टाकलंय.

आणि रंग. दादानेच सामानाच्या दाराची आतली कड पुसली, कापडाला रॉकेलसारखं काहीतरी लावून, आणि खालून निघाला गडद लाल. किरमिजी म्हणावा असा. दाराच्या बाहेरच्या कोपऱ्यात चौकोन करून बघितले तर नारिंगी, मग फिरोजी, मग पांढरा प्रायमर, मग तोच किरमिजी. खिडक्यांच्या वर एका जागी सायीसारखा पिवळट. निळा कुठेही नाही. ग्रेहाउंड तर निळी-पांढरी ना? बाबा बराच वेळ त्या लाल कडेवर बोट फिरवत बसले. चाळीस वर्षं आम्ही सगळ्यांना ग्रेहाउंड म्हणून सांगितलंय. त्यांना विचारलं तुम्हाला हे सांगितलं कोणी, तर म्हणे कोणीच नाही, त्या वेळी अशी बस म्हटली की ग्रेहाउंडच असणार असं मी धरून चाललो.

दोन_स्ट्रोक

किरमिजी आणि साय म्हणजे ट्रेलवेज! ताई ही जास्त मजेची गोष्ट आहे. ग्रेहाउंडने 4106 शेकड्यांनी घेतल्या म्हणून सगळ्यांना तसंच वाटतं. पण ट्रेलवेज ही एक कंपनी नव्हती, ग्रेहाउंडला तोंड देण्यासाठी 1936 मध्ये स्वतंत्र बस कंपन्यांनी एकत्र येऊन केलेली संघटना होती, प्रत्येक कंपनी वेगळ्या मालकाची, रस्ते वाटून घेतलेले, रंग मात्र साधारण एकच. त्यामुळे तुमची बस त्यातल्या नेमक्या कोणाची हे रंगावरून कळणार नाही, सिरियल नंबरच सांगेल. खिडक्यांच्या वरची पट्टी हलक्या हाताने ओली करून तिरप्या प्रकाशात बघा, अक्षरं जिथे होती तिथे रंगाखाली उठाव राहतो. बॅटरी पत्र्याला जवळजवळ चिकटवून आडवी धरायची.

कॅराव्हॅनवेडा_पुणे

आख्खा धागा एका दमात वाचला. मध्येच विचारतो, आपल्याकडे अशी जुनी एसटी लिलावात घेऊन घर करता येईल का? मनात फार वर्षांपासून आहे.

घाटरस्ता

घेता येते, पण रस्त्यावर आणणं अवघड. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आणि 2019 ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की कंपनीने दिलेल्या रचनेत मनाने बदल चालणार नाही. कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 नावाचं वेगळं मानक आहे, त्याप्रमाणे बांधून मंजुरी घ्यावी लागते. राज्याने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, ते वाच. वेगळा धागा काढ, तिथे सविस्तर सांगतो, इथे या पोरीचं चालू दे.

पानगळ

पारिजात, बाबांना वाईट वाटलं असेल तर त्यांना एवढं सांगा की अभिलेखागारात निम्म्या कुटुंबांच्या गोष्टी अशाच असतात, कोणीतरी धरून चाललेलं असतं आणि मग तीच घरची गोष्ट होते. ग्रेहाउंडची गोष्टही लिहून ठेवा, ती चाळीस वर्षं तुमच्या घरात होती. रंगाबद्दल माझं मत हवं असेल तर तो चार चौकोनांचा कोपरा तसाच ठेवा, वर पारदर्शक लेप द्या. बाकी बाजू तुम्ही हवी तशी रंगवा. आणि गणपतीची टाइल परत तिथेच लावा, फक्त बिजागरीवर, म्हणजे उघडता येईल.

पारिजात_ओहायो

सहा आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला माफ करा.

सिनसिनाटीहून उत्तर आलं. ते आजीआजोबा 1971 मध्ये सभासद झाले होते, म्हणजे तोपर्यंत बसचं घर झालेलं होतं, म्हणजे प्रवासी म्हणून ती जेमतेम नऊ वर्षं पळाली आणि घर म्हणून पन्नासच्या वर. हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं, आम्हाला वाटायचं आयुष्य रस्त्यावर घालवून थकून आमच्याकडे आली. जुन्या अंकात त्यांचा एक छोटा मजकूर आहे, बसचा फोटो, तेव्हा फिरोजी, आणि आजी दारात उभ्या, हातात केटल. ओटा तोच आहे. आईने प्रिंट काढून त्याच ओट्यावर लावलाय.

तिरप्या बॅटरीचा उपाय चालला. डाव्या बाजूला खिडक्यांच्या वर शेवटची सहा अक्षरं वाचता आली, त्यात वेज आहे, आधीचा शब्द अजून लागत नाही, मधला भाग बाबांच्या पट्ट्यासाठी कोणीतरी घासलेला आहे. मोटर बस सोसायटीला नंबर पाठवलाय.

रंगाचं ठरलं. पट्टे बाबांचेच राहणार, त्याच तपकिरी-नारिंगीत परत, दादा स्वतः मारणार आहे, वसंतात. चकचकीत करायचा विषय त्यानेच काढून टाकला, ॲनोडाइजचं वाचल्यावर. चौकोनांचा कोपरा राहील. टाइलला बिजागरी लागली.

घाटरस्ता काका, तुम्ही सांगितलं तसं सगळं बघितलं. मागच्या चाकामागे दोन जागी पांढरी भुकटी आहे, डाव्या बाजूला सात रिपिटांभोवती काळं आहे, आजोबांच्या ठिगळाला एकीलाही नाही. ठिगळाचा फोटो टाकला आहे, तेरावी कोणती ते ओळखा. त्या सात रिपिटा बदलताना डॉली धरायला यावेळी माझा मुलगा आहे, तो बाराचा आहे आणि कपाटात मावतो. आजोबांचा ठोकळा बाबांच्या टूलबॉक्समध्येच होता.

आणि इंजिन. इथल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकना बोलावलं, त्यांना या इंजिनांचा हात आहे. डाव्या बँकमधली एक रॅक खरोखरच अडकलेली निघाली. दोन_स्ट्रोक, तुमचं पोस्ट वाचलं नसतं तर आम्ही बॅटरी जोडलीच होती. ती मोकळी केली, फ्लॅप तपासला, डिझेल नवं, फिल्टर नवे, 40 नंबरचं ऑइल, आणि मागे दादा फळी घेऊन उभा. बाबा ड्रायव्हरच्या सीटवर. तिसऱ्या वेळी घेतलं, पांढरा धूर शेडभर, कानाला हात लावावे लागले. बझर सुरू झाला आणि बाबांना काटा दिसत नव्हता म्हणून माझ्या मुलाने बाजूला उभं राहून आकडे वाचले, वीस, तीस, चाळीस, मध्ये बराच वेळ पंचावन्नला अडकलं, मग साठ, पासष्ट, बझर थांबला. उजवी बाजू उठली, मग डावी. आई घरातून बाहेर आली होती, ती काही बोलली नाही, आत चढली आणि ओट्यावरचा एक डबा उचलून पट्ट्यात अडकवून आली.

डावी मागची एअरबॅग (सस्पेन्शनचा हवेचा फुगा) अजून गळतेय, चार तासांत ती बाजू परत खाली बसते. नव्या मागवल्यात, पण जुन्याचे खालचे नट गंजून बसलेत आणि तेल सोडून आठवडा झाला तरी हलत नाहीत. उष्णता द्यावी का, जवळ रबर आणि हवेची लाइन आहे, का नट कापूनच काढावेत? कोणी केलं असेल तर सांगा. सोसायटीचं उत्तर आलं की इथेच टाकते.